आराधनाची फुटांची पट्टी

आराधना पारखेला कुठलीही गोष्ट आहे तशी राहू देणं जमत नसे. रविवारी चर्चला निघताना नवऱ्याची, नोहाची कॉलर ती दोनदा सरळ करायची. श्रीरामपूरच्या ऑफिसात संगणकावर घरांचे नकाशे काढायला बसली की अक्षरं, रेघांची जाडी, कोपऱ्यातल्या खुणा सतत बदलत राहायची. इंजिनिअर सुनीलसर वैतागायचे, "मॅडम, आता हात काढा त्या नकाशावरून!"

नकाशाच्या तळाशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी असते. तिच्यावरून कागदावरचं अंतर जमिनीवर किती, ते कळतं. ऑफिसची पट्टी मीटरची होती. खेड्यातली माणसं फुटांत बोलतात, म्हणून आराधनाने ठसठशीत आकड्यांची स्वतःची पट्टी बनवली. मिस्त्री लोकांना ती फार आवडली.

कोल्हारच्या राहीबाईंच्या नव्या घराचा नकाशा पाठवून झाला आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिचा घास हातातच राहिला. विहीरही कागदावर यावी म्हणून तिने ऐनवेळी नकाशा निम्म्याने लहान केला होता. पट्टी वेगळी चिकटवलेली; ती तेवढीच राहिली असणार! खोल्यांची मापं आकड्यांत लिहिलेली होती. पण संडासाचा खड्डा विहिरीपासून किती लांब, ते लिहिलंच नव्हतं. ते पट्टीवरूनच मोजणार. साठ फुटांचे तीस होणार.

तिने राहीबाईंना फोन लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. डबा तसाच टाकून तिने स्कूटी काढली. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली तेव्हा वाटलं, आपण पट्टीही लहान केली असेल की! गाडी कडेला घेऊन मोबाईलवर नकाशा उघडला. उन्हात काही दिसेना. पुन्हा निघाली.

मळ्यात जेसीबी घुरघुरत होता. खड्डा कमरेएवढा झाला होता.

"थांबवा!" ती ओरडली. "विहिरीच्या फार जवळ आलाय हा!"

पुंजाराम मिस्त्रीने घामेजलेला कागद पुढे केला. "म्याडम, तुमच्याच पट्टीवर दोरी धरून मोजलंय. बघा की."

तिने बघितलं. नकाशा निम्मा झाला होता, पट्टी होती तेवढीच होती.

"चूक माझी आहे. पट्टी बदलायची राहिली."

राहीबाई पदर खोचून पुढे आल्या. "या हिरीचं पानी सगळी वस्ती पिती. तू आज आली नसतीस तर काय झालं असतं गं?"

आराधनाने तो कागद मिस्त्रीच्या हातातून काढून घेतला.

"आता खड्डा बुजेस्तोवर हितंच थांब. न्हाई जायचं."

ती उन्हात उभी राहिली. खड्डा बुजल्यावर टेपचं एक टोक तिनेच विहिरीच्या कठड्याला धरलं आणि साठ फुटांवर मिस्त्रीने चुन्याची खूण केली.

ऑफिसात परतल्यावर सुनीलसर म्हणाले, "जाऊ द्या, ऑफिसची मीटरचीच पट्टी वापरा." तिने ऐकलं नाही. तिने पट्टी नकाशाच्या प्रमाणाला जोडून टाकली. नकाशा लहान-मोठा केला की पट्टीही आपोआप बदलेल अशी. विहिरीचं अंतर आकड्यांत लिहिलं. मग नकाशा ताणला, आवळला, छापून फूटपट्टीने मोजला. दर वेळी बरोबर येत होतं, तरी तिला उठवेना. शेवटी सरांनीच पंखा बंद केला.

पंधरवड्याने राहीबाईंचा फोन आला. "गोठ्याचा नकाशा काढायचाय. तूच काढ. पन मोजायला सोता यायचं, कागुद धाडायचा न्हाई."

"येते," आराधना म्हणाली, आणि मोजायची टेप पिशवीत टाकली.