नानांची खाऱ्या पाण्याची टाकी

गणपतीचा टेम्पो दारात लागला की नाना पाठ फिरवून बसायचे. सगळा कारखाना 'मोरया' म्हणून ओरडतोय, गिऱ्हाइकाची पोरं नाचतायत, आणि आमचे नाना मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ब्रश धूत बसलेले. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला की आतून आवाज यायचा, "गेला का गो?" मी म्हणायचे, "गेला, नाना." मगच ते बाहेर येत.

हमरापूरच्या त्या कारखान्यात मी मूर्तींचे दागिने रंगवायचे आणि नाना आखणी करायचे, म्हणजे गणपतीचे डोळे काढायचे. तोवर मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर. नानांचा हात फिरला की ती तुमच्याकडे बघायला लागे. त्याचंच त्यांना दुःख. "डोळे दिले की तो आपला नाय," म्हणायचे. "आपल्याला ओळखायला लागतो नि निघून जातो." बायको केव्हाच गेलेली, एकुलती एक लेक रोह्याला दिलेली. चतुर्थी झाली की कारखान्यातली पोरं डोलवीच्या कंपनीत रोजावर जायची, मागे रिकाम्या फळ्या उरायच्या, आणि माझ्या शेजारच्या घरात नाना एकटे. त्या दिवसांत ते माझ्याकडे मीठ मागायला यायचे आणि बसून, गप्प राहून, मीठ न घेताच परत जायचे.

टाकी जावयाने आणली. त्याच्या कंपनीतल्या साहेबाची बदली झाली, साहेबाने खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी याच्या गळ्यात मारली आणि याने ती सासऱ्याच्या. पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे, एक निळा आणि एक लाल पट्ट्यांची कोळंबी. मला वाटलं, आठवड्यात कालवण होणार यांचं. पण नाना टाकीपुढून हलेनात. "हे तरी कुठं जाणार नाय," म्हणाले. "काच हाय ना."

आमचा टेम्पोवाला अलिबागकडून येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा. एकदा हौसेने समुद्रातले भोकाभोकांचे दगडही घेऊन आला. माशांना लपायला जागा हवी म्हणून नानांनी साच्यात प्लास्टरचा एक डोंगर ओतला. मी म्हटलं, "अहो, पाण्यात टिकेल का तो?"

"विरघळत नाय म्हणून तर लोक आपल्याला शिव्या घालतात," नाना हसले. "इथं तरी कामी येऊ दे." त्यांना असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

आणि मग मासे नाहीसे व्हायला लागले. आधी निळा गेला. उडी मारली असेल म्हणून खाटेखाली शोधलं, मांजरीला उगाच झाडूने हाणलं, टाकीवर जाळी बांधली. तरी नारिंगी मासे कमी होतच राहिले. पाणी बदललं, दगड हलवून पाहिले, काही कळेना. एका सकाळी तळाशी कोळंबीचं नुसतं कवच दिसलं. नाना जेवले नाहीत. दुपारी तीच कोळंबी दगडामागून मिशा हलवत बाहेर! कात टाकली होती मेलीने. नानांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या आठवड्यात ती गेली ती गेलीच, या खेपेला कवचही सापडलं नाही.

"काचेतून पण जातात गो," नाना म्हणाले.

मग मला संतापच आला. "जातात कसले? कुणीतरी खातंय!" भर दुपारी दारं-खिडक्या लावल्या, टाकीवर गोधडी टाकली, उजेडाला बुजू नये म्हणून मखराचा लाल कागद बॅटरीला गुंडाळला, डोंगराच्या पायथ्याशी सोड्याचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, तुकडा सोडला आणि आम्ही दोघं गोधडीत डोकं खुपसून बसलो. थोड्या वेळाने डोंगराच्या मागच्या भोकातून एक नांगी बाहेर आली. तिच्यामागून चांगला तळहाताएवढा खेकडा!

दगडाच्या भोकात बसून इवलासा आला असणार, आणि वाढला आमच्या डोंगरात. साच्यातला डोंगर, गणपतीसारखाच आतून पोकळ. उभी हयात पोकळ मूर्ती रंगवण्यात गेली आमची, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

"द्या इकडे, रस्सा करते त्याचा," मी म्हटलं. नाना टाकीच्या आडवे आले.

"राहू दे."

"अहो, सगळे मासे खाल्ले त्याने!"

"खाल्ले. पण गेला नाय ना?" मग हळूच म्हणाले, "ह्याचे डोळे मी काढलेले नाय. म्हणून राहिलाय."

उरलेला एक नारिंगी मासा त्यांनी जावयाबरोबर रोह्याला धाडला आणि खेकडा ठेवून घेतला. स्वतः कांदा-भाकरी खायचे, त्याला सोडे. लेक दर खेपेला म्हणायची, "बाबा, रोह्याला चला." नाना म्हणायचे, "घरात कोणतरी हाय. त्याला टाकून कसा येऊ?" मला फार लागायचं ते. दोन पावलांवर मी होते की! पण माझ्यापाशी गप्प बसणारा हा माणूस टाकीपाशी मात्र तासन्‌तास बोलायचा.

एका वर्षी शेवटचा टेम्पो वळणाआड गेला आणि आतून आवाज आला नाही. "गेला, नाना," मी आपणहून म्हटलं. तरी काही नाही. आत गेले तर भिंतीला टेकलेले, हातातला ब्रश तसाच, न धुतलेला.

दिवसकार्य झाल्यावर लेक घराला कुलूप लावायला आली. "मावशी, याचं काय करू?" टाकीकडे बघत रडायला लागली पोर. खेकडा डोंगरातून निघेना, म्हणून मी डोंगरासकट त्याला बादलीत घातला आणि धरमतरच्या खाडीवर नेला. काठाच्या पाण्यात डोंगर ठेवला. बराच वेळ काही हललं नाही. मग भोकातून आधी नांगी आली, मग ते दोन डोळे. ते माझ्याकडे वळले मात्र, आणि मला बघवेना. मी पाठ फिरवून बसले.

"गेला का गो?" माझ्याच तोंडून निघालं.

वळून पाहिलं. डोंगर रिकामा होता.

"गेला, नाना," मी म्हटलं.