डावीकडची चार वळणं

आमच्या घरात मुलगी माझ्याशी बोलायची ती तिच्या आईमार्फत. नोकरीसाठी ती जर्मनीला गेली तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पाचला फोन यायचा. बायको तासभर बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात कोंबायची. मी विचारायचो, बरी आहेस ना? मुलगी म्हणायची, हो, तुम्ही? मी म्हणायचो, मजेत, घे, आईशी बोल. एवढ्यावर आमचं भागायचं आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

बायको गेली आणि फोन थेट माझ्याकडे यायला लागला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पोळ्यांची बाई येते का. हो, हो, हो. दीड मिनिटात आमचं आटपायचं. मग एक रविवार चुकला, नंतर दोन. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर बसून मी पोरीवर चिडायचो, आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की ती बिचारी बोलणार तरी काय. बाहेरचं माणूस म्हणून लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर भेटलं. आपल्याला आता कुणी फोन करणार नाही, या विचाराने मी रविवारी चारपासूनच मोबाइल हातात घेऊन बसायचो.

पसारा आवरताना तिच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर निघाला आणि एका पिशवीत तिची जॉयस्टिक. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ती त्यावर तासन्‌तास गेममधलं विमान उडवायची. मी ड्यूटीवरून आलो की पहिलं वाक्य, वीज काय फुकट येते का? आता मीच तो कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीला नेला. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारलं, तर नातवासाठी असं ठोकून दिलं. मला नातू नाही.

विमान वर न्यायला फार अक्कल लागत नाही. खाली आणताना माझे बारा वाजायचे. आठवडाभर समुद्रात आणि झाडांत विमानं घातल्यावर एका रविवारी मी आपणहून मुलीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. "अगं, विमान उतरत नाहीये," मी म्हणालो. ती घाबरली, कुठलं विमान, तुम्ही आहात कुठे? सगळं सांगितल्यावर इतकी हसली, की तिचं हसणं कसं असतं ते मला नव्याने कळलं. म्हणाली, बाबा, आधी सर्किट शिका.

सर्किट म्हणजे धावपट्टीवरून उडायचं, चार वेळा डावीकडे वळायचं आणि त्याच धावपट्टीवर उतरायचं. ऐकायला सोपं. पण मी जन्मभर मालगाडी हाकली. रेल्वेने आमचं ड्रायव्हर हे नाव बदलून लोको पायलट केलं, तरी वळवण्याचं काम रुळांकडेच राहिलं. गाडीचा वेग माझ्या हातात, दिशा नाही. दोन वळणं मी कशीबशी घ्यायचो, मग धावपट्टी डाव्या हाताला ठेवून सरळ मागे जायचं, आणि तिसरं वळण यायचं तेव्हा हात हलायचाच नाही. पुढे काहीतरी येईल आणि मला वळवील अशी वाट बघत मी बसायचो.

एकदा जुहूच्या छोट्या विमानतळावरून उडालो आणि असाच सरळ गेलो. खाली सेंट्रल रेल्वेचे रूळ दिसले, मग काय, ठाणे, खाडी, डोंबिवली करत कल्याणला पोचलो. मोहन्याच्या बाजूने नदी ओळखू आली. आमचे क्वार्टर्स शोधत दोन घिरट्या मारल्या. पण त्या जुन्या प्रोग्रामात सगळीकडे एकसारखी खोकी उभी होती, आणि त्यातलं कुठलंही आमचं नव्हतं. खूप वाईट वाटलं. कॉम्प्युटर बंद करून मी सकाळचाच वरणभात जेवलो.

दुसरी खोड ब्रेकची. मालगाडी थांबवायची तर दीड-दोन किलोमीटर आधीपासून विचार करावा लागतो. त्या सवयीने मी धावपट्टी दिसली रे दिसली की इंजिन कमी करायचो आणि विमान अलीकडेच बसायचं. मुलगी दर रविवारी शिकवायची. धावपट्टीचं टोक डाव्या खांद्याच्या मागे गेलं की वळा, नाक फार वर नको, घाई नको. मीही वहीत लिहून घ्यायचो. फोन चाळीस मिनिटं चालायचा, आणि अध्येमध्ये ती तिच्या ऑफिसचं, तिथल्या थंडीचं, एकदा तर आईची आठवण येते तेही बोलून गेली.

आणि मग एका मंगळवारी सकाळी मी नीट उतरलो. चारही वळणं जागच्या जागी, चाकं टेकली तीही अलगद. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. बुधवारी उतरलो, गुरुवारीही. रविवार येईपर्यंत माझा आनंद पार मावळला. शिकवायचं संपलं, तर ती फोन कशाला करील?

म्हणून मी सांगितलं, अजून जमत नाही. असे तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी ती म्हणाली, शूटिंग करून पाठवा, कुठे चुकतं ते बघते. मी डब्याला मोबाइल टेकवून सर्किट मारलं आणि अगदी शेवटी विमान मुद्दाम आपटलं.

तिचा फोन पाच मिनिटांत आला. "बाबा, इतकी नीट वळणं घेणारा माणूस असा आपटत नाही," ती म्हणाली. "मुद्दाम पाडलंत ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "जमलं असं सांगितलं असतं, तर तुझा फोन बंद झाला असता."

ठेवते, एवढंच ती म्हणाली. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. पोरीला ओझं वाटलं असणार, याच विचारात होतो. कॉम्प्युटरला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी पाचला फोन वाजला. विमानाचं ती काही बोलली नाही, मीही नाही. जेवण, गोळ्या, पोळ्यांची बाई, सगळं दीड मिनिटात झालं. आता ठेवेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"भात," ती म्हणाली. "तुम्ही बसा. मला घाई नाही."