रेडिओची खुर्ची

गावात त्याला सगळे रेडिओ म्हणत. थोरल्या भावाच्या सलूनमधली दुसरी खुर्ची त्याची. कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं भांडण मिटलं, सगळी खबरबात तिथेच. याला गप्प बसायला सांगा रे, असं गिऱ्हाईक कुरकुरायचं आणि पुढच्या वेळी त्याच्याच खुर्चीसाठी ताटकळत बसायचं.

मग बायकोची बदली झाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून नवराही मागोमाग गेला आणि तिथे त्याने छोटंसं सलून थाटलं. देश तोच, नोटा त्याच, भाषासुद्धा कळत होती. पण बोलणार कोणाशी? गिऱ्हाईक यायचं, बोटाने केस किती कमी करायचे ते दाखवायचं आणि डोळे मिटायचं. रेडिओने मुलाबाळांची चौकशी केली की आरशातून नुसतं “हं”. शेवटी शेजारच्या चहावाल्याने सांगितलं की इकडे काम करणाऱ्याशी बोलत नाहीत. बोललं तर त्याच्या हातावर विश्वास नाही असं होतं. कप्पाळ माझं, असं म्हणून रेडिओ दुकानात परतला.

त्यातही एक म्हातारा निवृत्त स्टेशनमास्तर म्हणजे कहर. टोपी खुंटीला, मान खाली, काम झालं की आरशात एकदा बघून चालू पडायचा. भिंतीवर निदान पाल तरी चुकचुकते, असं रेडिओ बायकोला म्हणायचा. ती हसायची. त्याला काही हसू यायचं नाही.

संध्याकाळी तो दादाला फोन लावायचा. बोलायला नव्हे. “तसाच चालू ठेव,” म्हणायचा. दादा फोन आरशापाशी ठेवायचा आणि हा अर्धं शटर ओढून तिकडचा गलका ऐकत बसायचा.

दादाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा गावी निघतानाच त्याने बायकोला सांगून टाकलं की मी आता परत येत नाही, तू बदली करून घे. प्रयत्न करते, एवढंच ती म्हणाली.

लग्न पार पडलं आणि रेडिओ पुन्हा आपल्या खुर्चीमागे उभा राहिला. काय सुख होतं म्हणून सांगू! बोलून बोलून घसा बसला. महिना गेला, दुसराही सरत आला. बायकोच्या बदलीचं काही होईना, पण ती घाई करत नव्हती आणि तोही विषय काढत नव्हता.

एका दुपारी तिचा फोन आला.

“अहो, ते स्टेशनमास्तर घरी आले होते.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. दारात उभं राहून टोपी काढली. केस पार मानेवर आलेत हो. दाखवले, टोपी घातली आणि गेले.”

तिकडे सलून काय त्याचं एकच होतं? चौकात चांगली तीन होती. रेडिओने फोन खिशात टाकला. समोर दादा गिऱ्हाइकाचा गाल ओला करत होता.

“जाऊन येतो दादा. एकाचे केस राहिलेत.”

“एकाचेच कापून परत येशील?”

रेडिओ कात्री-कंगवा पिशवीत भरू लागला. संध्याकाळी दादाने रोजच्यासारखं दुसऱ्या खुर्चीवर फडकं मारलं.

“फोन करत जा,” तो म्हणाला. “आरशापाशी ठेवीन.”