दोन कानांचा पेला

शंकरनाना बोलणाऱ्याच्या तोंडाकडे क्वचितच पाहत. त्यांची नजर असायची हातांवर. जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं स्टोव्हदुरुस्तीचं दुकान होतं. पण जीव रमायचा तो शेजारच्या स्वयंपाकघरांत. भरताची वांगी भाजताना कुणाला चटका बसला की नाना म्हणत, "थांबा, परत करा बरं!" मग आठवडाभरात दांड्याने फिरवता येईल अशी जाळी तयार. माठ वाकवताना पाणी सांडतं हे पाहून त्यांनी झुलता स्टँड केला, तो धुळ्याच्या दुकानांतही खपला.

एका उन्हाळ्यात पापड लाटायला बायका आमच्याकडे जमल्या होत्या. नाना हसतच आत आले आणि आईपुढे स्टीलचा पेला धरला. दोन्ही बाजूंना वेत गुंडाळलेले कान.

"अक्का, हाऊ तुमनाकरता शे. तुमना हात थरथरस ना, म्हनीसन दोन कान लायात."

लाटणी थांबली. आईचा हात थरथरतो हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पाहुणे आले की ती काही निमित्त काढून चहा माझ्या हातून पाठवायची. तिने हात पदराखाली घेतला.

"नाना, तुम्ही पाहिलं ते ठीक. चारचौघींत कशाला सांगितलं?"

नानांचं हसू विझलं. पेला तिथेच ठेवून ते गेले.

त्यानंतर ते आमच्या दारावरून जाईनासे झाले. कुणाच्याच स्वयंपाकघरात जाईनात. मी स्टोव्ह दुरुस्तीला नेला, तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी, पोरी. मी हातच देखा. अक्काले देखंच नही."

पुढे ते मुलाकडे शिरपूरला कायमचे निघाले. आईने त्यांना चहाला बोलावलं, गल्लीतल्या बायकांनाही. सगळ्यांना चहा तिने स्वतः दिला आणि सर्वांदेखत दोन कानांचा पेला तोंडाला लावला.

"बघा नाना, थेंबही सांडला नाही."

नानांनी मान वर केली नाही. बशीतला चहा तसाच ठेवून, हात जोडून ते उठले.

वर्षभरात ते गेल्याचा निरोप आला. आई म्हणाली, "ते चारचौघींत बोलले खरं. पण मीही त्यांना चारचौघींतच बोलले ना गं."