अंधाऱ्या खोलीतला ससा

हडपसरमध्ये, मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर उत्कर्षा मॅडमची नर्सरी भरायची. बद्रीकाका तिथे कामाला होते. फाटक उघडायचं, पाण्याचं पिंप भरायचं, झोपाळ्याचे बोल्ट आवळायचे, कुणा मुलाने उलटी केली तर पुसून काढायची. त्यांची बायको द्वारका तिथेच मावशी होती आणि तिच्या ओळखीने ते लागले होते. त्याआधी सगळं तारुण्य कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनसमोर गेलं. वाशीमकडच्या गावातून आले ते थेट त्या मशीनवर उभे राहिले आणि कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा पन्नाशीला टेकून बाहेर पडले. दहाही बोटं शाबूत घेऊन बाहेर आलो, असं ते हसून सांगायचे.

दर हिवाळ्यात उत्कर्षा मॅडम नर्सरीत ‘उजेड आणि सावली’ असा महिना घ्यायच्या. वर्गाच्या खिडक्यांना लाल-निळा जिलेटिन कागद लागायचा आणि मुलं फरशीवरच्या रंगीत उजेडात पाय बुडवून बसायची. डब्यातले चमचे हातात घेऊन त्यात तोंड पाहायची आणि आपलंच डोकं खाली, पाय वर बघून खिदळायची. पहिल्या वर्षी मॅडमनी पडदे ओढून, दिवे घालवून भिंतीवर टॉर्च मारला, तेव्हा अर्धी मुलं रडायला लागली. बद्रीकाका दारात पोछा घेऊन उभे होते. ते आत आले, टॉर्चसमोर हात धरला आणि भिंतीवर दोन कानांचा ससा उभा केला. त्याने कान हलवले. रडणं थांबलं.

तेव्हापासून तो महिना त्यांचाच झाला. सकाळी अंगणात मुलं आपल्या सावलीत उभी राहायची, काका खडूने तिची कड काढायचे, आणि खाऊच्या सुट्टीत सगळी परत येऊन बघायची, तर सावली कडेबाहेर निघून गेलेली असायची. “काका, माझी पळाली!” म्हणून एकच गलका. स्टीलच्या ताटलीवर ऊन घेऊन ते भिंतीवर कवडसा नाचवायचे आणि मुलं तो पकडायला उड्या मारायची. राजनंदिनी नावाची एक मुलगी जूनपासून शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. डिसेंबरातल्या एका सकाळी ती अंगणात आपल्या सावलीला म्हणाली, “चल, तिकडे जाऊ.” द्वारकाने ते ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला. त्या दिवशी घरी जाताना दोघं नवराबायको दुसरं काही बोललेच नाहीत.

वर्गात कॅमेरा होता. आईवडिलांना ऑफिसात बसून मोबाईलवर वर्ग दिसायचा, आवाजही ऐकू यायचा. कॅमेरा जुना होता. दिवे घालवले की मोबाईलवर नुसतं काळं दिसायचं आणि आवाज तेवढा येत राहायचा. मॅडम आदल्या दिवशी ग्रुपवर कळवायच्या की उद्या सावल्यांचा खेळ आहे. सहाव्या वर्षी एका शुक्रवारी कळवायचं राहून गेलं.

खेळ सुरू झाला आणि प्रवेशाची चौकशी करायला कुणीतरी आलं. मॅडम उठून ऑफिसात गेल्या. वर्गात द्वारका होती, मांडीवर दोन मुलं घेऊन बसलेली. बद्रीकाका टॉर्चपाशी होते.

त्याच वेळी सलिल नावाच्या एका वडिलांनी आपल्या कामाच्या ऑफिसात मोबाईल उघडला. त्यांची मुलगी महिन्याभरापूर्वीच नर्सरीत आली होती. पडदा काळा होता. मुलांचं किंचाळणं ऐकू येत होतं आणि मग एका पुरुषाचा हलका आवाज आला, “या, जवळ या. घाबरायचं नाही. आवाज करायचा नाही अजिबात.”

पुढे काका म्हणाले होते, “आवाज केला तर ससा पळून जाईल.” पण तेवढं ऐकायला सलिल थांबले नाहीत. त्यांनी मोबाईलवर झालेलं तेवढं रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि गाडी काढली.

ते आले तेव्हा दिवे लागलेले होते आणि मुलं पोहे खात होती. सलिलनी मुलीला उचललं ते तिच्या हातातल्या चमच्यासकट. “कोण आहे तो माणूस?” एवढंच त्यांनी विचारलं. बद्रीकाका पिंपात पाणी ओतत होते. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे पालक जमले. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर कसेबसे बसले होते.

“अंधारात शिकवतात वाटतं हल्ली,” एक आजी म्हणाल्या. “आमच्या वेळी उजेडात शिकवायचे. मागासलेलेच होतो आम्ही.”

द्वारका पुढे झाली. “मी होती ना जी तिथं. सारा वेळ होती. सशाचा खेळ होता तो.”

“तुम्ही त्यांच्या पत्नी ना?” कुणीतरी विचारलं. ती हो म्हणाली, आणि मग तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

सलिल मॅडमकडे वळले. “तुम्ही वर्गात होतात?”

उत्कर्षा मॅडमनी बद्रीकाकांकडे बघितलं. सहा वर्षं त्या त्यांच्या भरवशावर शाळेच्या किल्ल्या टाकून जात होत्या. त्या म्हणाल्या, “मी तेव्हा ऑफिसमध्ये होते. त्यामुळे मी काही सांगू शकत नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं. बद्रीकाका नंतर द्वारकाला म्हणाले, “मॅडम खोटं बोलल्या असत्या तर मले राग तरी आला असता.”

एका आईने मुलीला रात्रभर विचारलं होतं, काकांनी हात लावला का, सांग ना, लावला का. शेवटी मुलगी म्हणाली, “हो, हात धरला.” हात धरलाच होता. तिची बोटं वळवून तिला सशाचे कान करून दाखवले होते. ती आई खुर्चीतच रडायला लागली, आणि मग खोलीत कुणाला काही पटवून देण्याची सोय उरली नाही. बद्रीकाका हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. कुणी काही विचारेल, मग आपण सांगू, म्हणून ते वाट बघत राहिले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पालकांनी तक्रार दिली, आणि पोलीस चौकीवर मात्र त्यांना विचारलं. तिथल्या साहेबांनी शाळेच्या कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग मागवून पूर्ण ऐकलं, मॅडमना बोलावलं, मुलांशी बोलायला एक बाई पाठवल्या. मग म्हणाले, “तुमच्यावर काही नाही. जा घरी. फक्त त्या शाळेकडे फिरकू नका.”

“काही नाही तर फिरकू कायले नको, साहेब?”

साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बद्रीकाकांचं नर्सरीतलं काम सुटलं. द्वारका काही दिवस जात राहिली, पण मुलांना शू करायला न्यायला उठली की मॅडम दुसऱ्या मावशींना पाठवायच्या. एका दुपारी ती डबा घेऊन घरी आली आणि परत गेली नाही. पुढे तिने दोन घरी पोळ्यांचं काम धरलं.

बद्रीकाकांना एका गाववाल्याने बिबवेवाडीत एका सोसायटीत वॉचमन म्हणून लावून दिलं. महिना बरा गेला. मग एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मोबाईल पुढे धरून आले. त्यावर काकांचा फोटो होता, नर्सरीच्या गॅदरिंगमधला, कडेच्या मुलांची तोंडं कापून टाकलेला. खाली लिहिलं होतं, ‘सावध राहा.’

“हे तुम्हीच ना?”

“मीच हाव. पण पोलिसांनी सोडलं मले. काही निघालं नाही.”

“असेल,” सेक्रेटरी म्हणाले. “पण आमच्याकडे लहान मुलं आहेत हो.”

त्यानंतर त्यांनी एका गोदामात काम धरलं. दिवसभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या. तिथे कुणी येत नसे, आणि त्यांना तेच हवं होतं. घरी येताना शाळा सुटायची वेळ असली की ते लांबच्या गल्लीने यायचे. चाळीतली पोरं दारात खेळत असली तर ती आत जाईपर्यंत कोपऱ्यावर उभे राहायचे. द्वारकाने एकदा हे बघितलं आणि कडाडली, “काय केलं तुम्ही? काहीच नाही ना केलं? मग चोरावानी कायले उभे राहता?” काका म्हणाले, “पाहणाऱ्याले काय माहीत.”

दिवाळीत उत्कर्षा मॅडम फराळाचा डबा घेऊन घरी आल्या. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर अवघडून बसल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, “काका, पूर्ण रेकॉर्डिंग मी आता सगळ्या पालकांना ऐकवलंय. एकेकाला भेटून. सलिलनीसुद्धा ऐकलं. काही झालेलं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

बद्रीकाका म्हणाले, “मग तसं ग्रुपवर टाका ना जी, मॅडम. फोटो गेला तिथं तिथं हेही जाऊ द्या.”

मॅडमनी मान खाली घातली. “आता कुठे सगळं शांत झालंय, काका. यंदा प्रवेशही निम्मेच झालेत. परत तो विषय निघाला तर शाळा बंद पडेल.”

“सलिलसाहेब काय म्हणाले?”

“काही नाही. मान हलवली. मुलीला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलंय.”

द्वारकाने चहा केला होता. मॅडम अर्धा कप ठेवून उठल्या. “तुम्हाला कधी काही लागलं तर सांगा,” म्हणाल्या. काका त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, नेहमीसारखे. परत आल्यावर त्यांनी फराळाचा डबा शेजारी देऊन टाकायला सांगितला.

बद्रीकाकांची मुलगी प्रणिता धायरीला दिली होती. फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. दोघं बसने गेले. प्रणिताने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ वडिलांपुढे धरलं आणि म्हणाली, “बाबा, घ्या ना नातीला.”

बद्रीकाका दोन पावलं मागे सरले. “तुझ्या आईले दे,” म्हणाले. “माझे हात गार हायत.”

जावई शेजारीच उभा होता, चांगला पोरगा. “घ्या हो, बाबा,” तो हसून म्हणाला. काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट बघितलं, जणू तिथे काहीतरी लिहिलंय आणि ते वाचायचंय. मग ते गॅलरीत गेले आणि चहा येईपर्यंत तिथेच थांबले. आत द्वारका बाळाला छातीशी धरून उभी होती. प्रणिताने विचारलं, “बाबांना काय झालंय, आई?” द्वारका बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.

आता ती मुलगी रांगते. बद्रीकाका धायरीला गेले की भिंतीकडच्या खुर्चीत बसतात. ती रांगत त्यांच्याकडे आली की पाय वर घेतात आणि द्वारकाला हाक मारतात.