मालवणचा काटा आणि माझं मधलं बोट

एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, “हा बाभळीचा काटा नाही. समुद्रावर गेला होतात का?”

हिंगोलीत असा प्रश्न कोणी विचारला तर हसूच येईल. मला आलं नाही. बचत गटाच्या बायकांबरोबर मी मालवणला गेले होते. गुडघाभर पाण्यात लाट आली, तोल गेला आणि उजवा हात खडकावर आदळला. मधल्या बोटात काळे काटे घुसले.

“सी अर्चिन,” डॉक्टर म्हणाले. खडकाला चिकटून राहणारा, साळिंदरासारखा काटेरी समुद्रजीव.

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात कुणाच्याही पायात काटा मोडला की लोक माझ्या सासूबाईंकडे येतात. मी घरी येताच त्यांनी सुई घेतली. “बस पोरी, आत्ता काढते.” पण हा काटा खडूसारखा ठिसूळ, सुई लागली की आतच तुटायचा. मग त्यांनी बिब्ब्याचा चटका दिला. काटा राहिला आत, कातडी तेवढी भाजली. पुढं बोट सुजलं आणि वाकेना.

बोट वाकेना तर धार कशी काढणार? माझी म्हैस माहेरची, दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. नवऱ्याने माझी साडी नेसून बघितली, तरी लाथ खाल्लीच. दूध सगळं रेडकू प्यायचं. नवरा म्हणाला, “इकून टाकू.” मी ऐकणार नव्हते.

डॉक्टर म्हणाले, राहिलेल्या तुकड्यांभोवती ग्रॅन्युलोमा झालाय, म्हणजे शरीराने बांधलेली गाठ. ती सांध्यालगत आहे, ऑपरेशन लागेल. “बोट पूर्ण मिटेल याची खात्री देत नाही.”

मी म्हटलं, “तुमी काटा काढा, मिटवायचं माझ्याकडं लागलं.”

हात बधिर करून त्यांनी तुकडे काढले. टाके निघाल्यावर फिजिओथेरपी, म्हणजे बोटाचा व्यायाम. ओलं फडकं पिळायचं. कळ मस्तकात जायची. सासूबाई समोर बसून “आजून दाब” म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? त्यांना रडताना बघून तो गेला.

तुम्हाला असं झालं तर कोरत बसू नका. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि तडक दवाखाना गाठा. सांध्याजवळ काटा असेल तर एक्स-रे काढाच.

बोट अजून पूर्ण मिटत नाही. तरी परवा गोठ्यात जाऊन बसले. म्हैस जरा सरकली, मग उभी राहिली. दुखत होतं, तरी दाबलं. धार बादलीत वाजली.

दारात उभ्या नवऱ्याला मी रडत रडतच ओरडले, “या इकडं! आन् आता इका म्हणा!”