डब्यावरच्या रेघा

डब्याचं बूच सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यायचं, अंगठ्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग वैद्यानं घरच्यांना धीर द्यावा तसं म्हणायचं, "हौदु. बरं हाय."

रोज सकाळी धाराशिवच्या अड्ड्यावर गाडी सुटायच्या आधी हा सोहळा व्हायचा. आमचे मिस्त्री नळदुर्गाकडचे, लिंगायत, घरात कानडी आणि गॅरेजात मराठी बोलणारे. 'हौदु' म्हणजे होय. पण त्यांच्या तोंडी हा शब्द कशालाही चालायचा. जेवलात का, हौदु. गाडी बिघडली, हौदु. राजा मेला असं सांगितलं असतं तरी गृहस्थ हौदु म्हणून पाना शोधायला लागले असते.

मी तेव्हा बाविशीचा, त्या सर्व्हिसमध्ये कंडक्टर. निजामाचं राज्य होतं, तिकडं जगात महायुद्ध चाललं होतं आणि आमच्या मालकांच्या दोन गाड्या होत्या. एक पेट्रोलची, ती पेट्रोल मिळेल त्या दिवशी हलायची. दुसरी डिझेलची, ती रोज येरमाळ्याला जायची. साऱ्या सर्व्हिसचं पोट या दुसरीवर.

या डिझेलच्या इंजिनाला बाजूला एक नळी होती. मिस्त्री तिला इंजनाचं नाक म्हणायचे. पिस्टनच्या कडेनं थोडी गरम हवा खाली तेलात उतरतेच, ती या नळीतून बाहेर पडते आणि येताना तेलाचे थेंब घेऊन येते. नव्या इंजिनात ते थोडे असतात. आमचं इंजिन झिजलेलं, नव्या रिंगा परदेशातून यायच्या आणि युद्धामुळे त्या येत नव्हत्या. त्यामुळे नळीतून तेल नुसतं पाझरायचं, पायाखालच्या फळ्यांवर उडायचं, गाडीभर वास कोंदायचा.

मिस्त्रींनी त्यावर डबा काढला. पत्र्याचा, झाकण कथलाचा डाक लावून पक्कं केलेला. नळी एका बाजूनं आत, डब्यात नारळाचा काथ्या भरलेला, वर हवा जायला बोटभर तोटी आणि खाली बूच. हवा काथ्यातून गाळून वर निघून जायची, तेल खाली साठायचं. बाजूला काचेची एक पट्टी बसवली होती आणि तिच्या शेजारी पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा. येडशीपर्यंत पहिली, घाट चढून येरमाळ्यापर्यंत दुसरी. परत येताना तिसरी.

"इंजन आतून किती थकलंय ते हितं दिसतं," ते सांगायचे. "रेघंच्या वर गेलं की मला सांगायचं. आन् तोटीवर काय ठिवायचं न्हाय. त्याला आत कोंडलं तर ते दुसरीकडनं वाट काढतं."

साठलेलं काळं तेल ते फेकत नसत. बाजाराच्या दिवशी गाडीवान बांबूची नळकांडी घेऊन फाटकाशी उभे राहायचे, बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून. मिस्त्री प्रत्येकाला ओतून द्यायचे आणि प्रत्येकाच्या बैलांची नावं विचारायचे. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. मी तीन वर्षं 'कंडक्टर'च होतो.

आता मी कसा होतो तेही सांगतो. गाडी सुरू झाली की मी उतारूंपुढं मिस्त्रींची नक्कल करायचो. बोटावर थेंब घेणं, डोळे मिटणं, हौदु. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हातारे खोकला येईपर्यंत हसायचे. एकदा गाडी सुटायच्या आधीच मी रंगात आलो आणि मागच्या दारात स्वतः मिस्त्री उभे! गाडी चिडीचूप. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाकापाशी जरा जास्त थांब. वास लगेच येत न्हाय." आणि पाना घेऊन गेले. पुढच्या खेपेला मी नाकाशी जास्त थांबलो, तेव्हा हशा दुप्पट आला.

मग एक बडे अधिकारी यायचे ठरले. हैदराबादेहून, गाडीचा परवाना पुढं चालू ठेवायचा की नाही ते पाहायला. येरमाळ्यापर्यंत स्वतः बसून येणार होते. मालकांची आदल्या दिवसापासून झोप उडालेली.

"मिस्त्री, उद्याच्याला तेवढा तो डबा काढा," मालक म्हणाले. "लई गबाळा दिसतो."

"काढला तर तेल सायबाच्या बुटावर पडंल."

"मग वास? वासाचं काय करता?"

"वास येनारच, मालक. जुनं इंजन हाय. खिडक्या उघड्या ठिवा."

डबा राहिला. मिस्त्रींना मात्र मालकांनी गाडीत घेतलं नाही, कारण त्यांचे कपडे तसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वासाचं तू बघ. तू लई हुशार हायस." हे वाक्य मला त्या वयात कुणीही म्हणावं आणि मी विहिरीत उडी घ्यावी!

साहेब दुधी शेरवानी घालून पुढच्या बाकावर बसले. शेजारी मालक, हात जोडलेले ते सुटेचनात. पाच मैलांवर साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"ये बू कैसी है, मियाँ?"

"जी, नई गाडी है हुजूर," मालक म्हणाले. हसू येऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

येडशीला रेडिएटरात पाणी घालायला गाडी थांबली. ड्रायव्हर बादली घेऊन गेला. मी इंजिनाचं झाकण उचललं. डब्यातलं तेल बरोब्बर पहिल्या रेघेवर होतं. वरच्या तोटीतून निळसर धूर फुसफुसत होता आणि तोच आत शिरत होता. मी डोक्याचा लाल रुमाल काढला, त्याला पीळ दिला आणि तोटीत घट्ट खुपसला. झाकण लावलं.

मिस्त्रींचं बोलणं माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते पाठ होतं. नकलेत मी ते रोज म्हणत होतो.

गाडी निघाली आणि काय सांगू, वास गेला! साहेबांनी रुमाल खिशात घातला. "अब ठीक है," म्हणाले, आणि मला स्वतःच्या डब्यातलं पान दिलं. मालकांनी मला डोळा मारला. मी साहेबांना असा झुकून सलाम केला की मागच्या बाकावरून कुणीतरी "वा!" म्हणालं.

घाटात इंजिनानं वाट काढली. आधी आत टप् असा आवाज झाला. तेल बघायची काडी तिच्या भोकातून उडून झाकणावर आपटली होती. मग फळ्यांखालून काळा धूर. मग मागच्या सीलमधून तेल क्लचवर उतरलं आणि इंजिन गर्जतंय पण गाडी जागची हलत नाही, अशी गत झाली. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक धरला, चाकामागं धोंडे लावले. उतारू खाली उड्या मारू लागले. साहेबांच्या शेरवानीवर तेलाची नक्षी उमटली. शेवटी ते आणि मालक कडब्याच्या एका बैलगाडीत बसून येरमाळ्याला गेले. कडब्याच्या पेंढ्यांवर बसलेले हुजूर पाहून सगळा घाट हसला. मी हसलो नाही. मी झाकण उचलून तेलात भिजलेला रुमाल उपसला आणि दरीत भिरकावला.

दुपारी मिस्त्री सायकलीवरून आले. घामानं निथळत होते. झाकण उघडून आधी काडी पाहिली, मग खाली वाकून सील, मग काचेची पट्टी. तिच्याकडं फार वेळ पाहत राहिले.

"येडशीपतुर तेल आलं," ते हळूच म्हणाले. "घाट चढला, आन् त्याच्या पुढं थेंब न्हाय?"

त्यांनी तोटीत करंगळी घातली. बाहेर निघाला तो एक लाल धागा. तो त्यांनी तळव्यावर ठेवला. मग माझ्या डोक्याकडं पाहिलं. भर उन्हात मी बोडका उभा होतो.

"कंडक्टर, तुजा रुमाल कुटाय?"

"घरी राहिला, मिस्त्री."

"हौदु," ते म्हणाले.

संध्याकाळी मालक येरमाळ्याहून घाटात परतले ते पेटलेलेच. परवाना गेल्यात जमा होता. "ह्या डब्यानं घात केला! कवापासून सांगतोय काढा काढा. इंजनाला डबे बांधनारा मिस्त्री कुनी बगितलाय का? बोला की आता!"

मिस्त्री माझ्याकडं पाहत राहिले. रागानं नाही. उतारू म्हातारा असेल तर आपण पायरीवर थांबतो ना, तो चढेपर्यंत, तसे थांबले. आणि मी, ज्याच्या जिभेला कधी विसावा नव्हता तो मी, तिकिटांचा गठ्ठा काढून त्याचे कोपरे सरळ करू लागलो.

शेवटी ते म्हणाले, "डबा माजाच हाय, मालक."

त्यांना तिथंच काढलं. डबा त्यांनीच सोडवला, तेल सांडू न देता. धागा त्यांनी काय केला ते मला माहीत नाही. जाताना एवढंच म्हणाले, "क्लच धुवायला घासलेट वापरा, पेट्रोल नको." हे त्यांनी मला सांगितलं, कारण ऐकण्यासारखं दुसरं कुणी जवळ नव्हतं.

त्यानंतर गावात कुणी त्यांना काम दिलं नाही. ज्याच्या डब्यानं घाटात गाडी मेली तो मिस्त्री, हे नाव त्यांना चिकटलं. नाव ठेवणाऱ्यांत माझी नक्कल ऐकलेलेच बरेच होते.

पुढं राज्य बदललं. दंगाधोपा निवला आणि रस्ते मोकळे झाले, तेव्हा मला कळलं की मिस्त्री भूमकडं एका खेड्यात जावयाच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळतात. मी ठरवून गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं.

गिरणीत त्यांची लेक दळण जोखत होती. मिस्त्री मागच्या उन्हाळ्यात गेले, असं तिनं सांगितलं. मी कोण ते ऐकल्यावर तिनं हातातलं माप खाली ठेवलं.

"तुमी त्या गाडीवर होतात? मग एक सांगा, दादा. बा म्हनायचा, माज्या डब्यानं गाडी बिघडली. पर तसलाच डबा त्यानं हितल्या इंजनाला लावला हुता, आन् त्याला कधी काय झालं न्हाय. मग तवाच कसं झालं?"

दळणाला आलेल्या चार बायका टोपल्या धरून माझ्याकडं पाहत होत्या. असं ऐकणारं माणूस मला जन्मात मिळालं नव्हतं.

"डबा चांगला होता," मी म्हणालो.

"मग?"

"गाडी जुनी होती, ताई."

तिचा चेहरा उजळला. "बगा," ती त्या बायकांना म्हणाली, "म्या म्हनत न्हवते?" मग मला तिनं पोत्यावर बसवलं. बाच्या बरोबर काम केलेलं माणूस इतक्या लांबून आलं, म्हणून आत जाऊन दुधाचा चहा करून आणला. भरलेली कपबशी माझ्या हातात दिली.

मी तो चहा प्यालो. सगळा.